बेडीचं माप

इंजिन बंद कर, आन्सेल्मी. निळा दिवाही.
समोरच्या इमारतीतले पडदे हलायला लागलेत,
आणि केमी एवढंसं गाव;
सकाळी शाळेची घंटा व्हायच्या आत
त्या पोराचं नाव चोर पडलेलं असेल.

तो कुठे पळत नाही. बघ ना,
किऑस्कच्या फुटक्या काचेपाशी बसलाय,
एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा.
उणे एकोणीस.
आधी बूट शोध. कायदा नंतर.

तुझ्याएवढी होते तेव्हा मलाही घाई असायची.
बंदराजवळ एक पकडला होता, वेसा नावाचा,
अकरा वर्षांचा, खिशात चोरलेले तीन स्क्रूड्रायव्हर
आणि अर्धा पाव.
मी बेडी घातली. शेवटच्या दातापर्यंत आवळली.
तरी हात सुळकन बाहेर आला,
साबणाची वडी निसटावी तसा.

आम्ही दोघंही त्या हाताकडे पाहत राहिलो.
मग त्यानं माझ्याकडे पाहिलं,
आणि हात
आपणहून परत आत घातला.

शहाण्या मुलासारखा.
जणू चूक त्याच्या मनगटाची होती.

अहवालात मी लिहिलं, 'सहकार्य केले'.
चोवीस वर्षं झाली. ते दोन शब्द
दाढेत अडकलेल्या माशाच्या काट्यासारखे;
जीभ अजून तिथेच जाते.

उभ्यानं बोलू नकोस त्याच्याशी. गुडघा टेक,
भिजू दे, पॅन्ट सरकारची आहे.
'का केलंस' विचारू नकोस.
का, ते त्याला ठाऊक असतं तर काच शाबूत असती.
जेवलास का, विचार.
आईला फोन मी करते. उचलेल, न उचलेल,
गिरणी बंद पडल्यापासून ती रात्री जहाजं पुसते.
ती येईपर्यंत वही उघडायची नाही.
थर्मासमध्ये कोको आहे. जरा कोमट झालाय.

आणि काच?
हो, काचेचं बोलायचंच आहे.
किऑस्कवाल्या हिल्याचे महिनाभर हाल होणार,
ते त्याला कळायला हवं,
तिच्याच तोंडून, दिवसाउजेडी,
दोन्ही पायांत बूट असताना.
मी काही माफी वाटत नाहीये.

काय म्हणालास? बेड्या?
राहू देत पट्ट्यालाच.
ज्यानं बनवल्या त्याला
पोरांचे हात माहीतच नव्हते.

तो बघ, कचऱ्याच्या डब्यामागे. डावाच आहे.
आतला बर्फ झटक.
फेकू नकोस त्याच्याकडे,
जवळ जाऊन दे.