ओठ मिटले नव्हते

होनमाने बाईंनी माझा जबाब मलाच वाचून दाखवला,
सहा वर्षांपूर्वीचा, हवालदाराच्या भाषेतला.
त्यात मी म्हणतो:
सदर इसमाने मारलेली हाक मी समक्ष ऐकली.

मी म्हटलं, बाई, ऐकली नाही.
बाईंनी चष्मा काढला. सरकारी वकील आहेत त्या,
त्यांना वाटलं, हा पण फितूर.

चोवीस माग चालू होते, बाई.
चोवीस माग चालू असताना
देव जरी कानाशी येऊन बोलला
तरी त्याला म्हणावं लागतं, तोंड इकडं कर.

आम्ही ओठ बघतो.
धोटा अडकला, बीम संपला, चहा आला,
इट्टमला पोरगी झाली,
सगळं चार माग पलीकडून वाचतो.
मालकासमोर मालकाला दिलेल्या शिव्यासुद्धा.
अठराव्या वर्षी शिकलो. शिकवलं मल्लेशमनं,
आमच्या खात्याचा जॉबर, सगळे त्याला अन्ना म्हणायचे.
पहिल्याच दिवशी माझ्या कानात सुताचे बोळे कोंबून
ओठांनी म्हणाला:
कान गेलेच समज, यादगिरी. डोळे सांभाळ.

तो आता आरोपी नंबर एक.

मग पाहिलं ते सांगा, बाई म्हणाल्या. जास्त नको, कमी नको.
पाहिलं ते एवढंच:
सातव्या मागाशी दशरथ इट्टम, पोटाशी धरलेला
एक्स्पोर्टचा पांढरा टॉवेल, जो पांढरा राहिला नव्हता,
दारातून बाहेर जाणारी कुणाची तरी पाठ,
आणि दशरथचे ओठ.
अन्ना. दोनदा.
माग कुणी बंद केला नाही. टॉवेल विणला जात होता.

ते विचारतील, बाई म्हणाल्या, अम्मा कशावरून नाही?
मरणारा माणूस आईलाच बोलावतो.

साखर पेठेतून चालत घरी आलो
आणि तेव्हापासून मोरीवरच्या आरशापुढं उभा आहे.
अम्मा. ओठ एकदा भेटतात.
अन्ना. भेटत नाहीत. जीभ आतल्या आत टाळूला लागते,
बाहेरून नुसती फट दिसते,
सुईचा दोरा जाईल एवढी.
जन्मठेप तिच्यातून जाते का, उद्या कळेल.

भूदेवी विड्या वळत बसलीय. वर न बघता म्हणते,
म्हण की अम्मा.
त्याची म्हातारी अजून आहे घरकुलात. तिला बरं वाटेल.
अन्नाच्या बायकोलाही.
आपल्या पोरीच्या बाळंतपणाला कुणी दिले होते पैसे?

सुपात तेंदूची पानं, कात्रीचा आवाज.
मला तो ऐकू येत नाही, पण बोटांवरून कळतो.

खरं सांगू का, मला हे दोन शब्द छळत नाहीत.
ओठ मिटले नव्हते. तेवढं पक्कं.
छळतं ते दुसरंच:
अन्ना म्हणजे, यानं मारलं?
की अन्ना म्हणजे, धावत ये?
गेली कितीतरी वर्षं आम्ही सगळे
दोरा तुटला तरी त्यालाच हाक मारायचो.
ते ओठांवर दिसत नाही. ते त्यानंही शिकवलं नाही.
बाई म्हणाल्या, अर्थ आमच्यावर सोडा.
सोडतो. पण रात्री तो परत येतो.

सकाळी मिशी काढली.
भूदेवी दचकली, चाळीस वर्षांत तिनं
माझा वरचा ओठ पाहिला नव्हता.
म्हटलं, जजसाहेबांना नीट दिसावं.

खोटं बोललो. साहेबांना कान आहेत.

पिंजरा वीस फुटांवर असेल, म्हणजे चार मागांचं अंतर.
माझा शब्द टायपिस्टपर्यंत पोचेल, मग कागदावर,
मग साहेब मान वर करतील.
त्याच्या कितीतरी आधी
त्याला कळलेलं असेल.