स्थानिक उपस्थिती

इंदूताई बडगुजर जिन्यातूनच विचारते,
"मन्हा बिबडासले नाव भेटी का?"
मी म्हणते, बस, विचारून सांगते.
आणि चोपड्यातल्या या तापलेल्या माडीवरून,
कूलरच्या ओलसर वाळ्याच्या वासात,
दूरच्या कुठल्यातरी सर्व्हरला एक ओळ पाठवते:
या एक्स्टेन्शनचे नियम काय?

दुपारचे अडीच. पारा चव्वेचाळीस.
उत्तर येतं महिरपी कंसात.

किमान अक्षरं तीन, कमाल त्रेसष्ट.
हायफन चालेल, पण सुरुवातीला नको, शेवटी नको.
मुदत एक ते दहा वर्षं.
मुदत संपली की सवलतीचे दिवस,
ते संपले की दंड भरून सोडवून घ्यायचे दिवस,
तेही संपले की नाव कुणाचंच नाही.
स्थानिक उपस्थिती आवश्यक: ट्रू.
पुरावा कोणता: नल.

नल म्हणजे होय नाही, नाहीही नाही.
कुणी रकाना आखला आणि जेवायला गेला.

आप्पांना लोक असंच विचारायचे.
तहसीलच्या आवारात लिंबाखाली पत्र्याची पेटी,
पेटीवर टाईपरायटर, त्याची ळ ची कळ अडकलेली,
म्हणून प्रत्येक अर्जात आधी 'ज गाव',
मग मधल्या जागेत निळ्या शाईचा ळ.
त्र्यंबक निकुंभ, अर्जनवीस.
माणूस सायकल टेकवता टेकवता प्रश्न टाकायचा.
वारसाची नोंद? उतारा, मृत्यूचा दाखला, पाच रुपयांचं तिकीट.
नावातली वेलांटी चुकली? प्रतिज्ञापत्र, शाळा सोडल्याचा दाखला.
पुस्तक न उघडता.
तेच तेच तीनदा विचारणाऱ्याकडे
चष्म्यावरून बघायचे आणि गप्प व्हायचे.
माझा सर्व्हरही तसाच. मिनिटाला साठ प्रश्न, मग मौन.

पण आप्पांच्या उत्तराला शेपूट असायचं.
भाऊसाहेब तीनला येतो, तोवर सावलीत बस.
डाव्या खिडकीवर जाऊ नको, तिथला वाचत नाही, नुसता परत करतो.
अंगठा कशाला? येते ना तुला सही, कर की.
आणि माहीत नसलं तर
नल म्हणायचे नाहीत,
चपला घालून आत जाऊन विचारून यायचे.

हे शेपूट कुठल्या फील्डमध्ये येतं
ते मी दस्तऐवजात पुष्कळ शोधलं.

इंदूताईला मी सांगते, ताई, तू इथली आहेस याचा कागद लागेल.
ती हसते. एकतीस वर्षं.
रेशनकार्ड अजून शिरपूरला दिराकडे,
लाइट बिल वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर,
बिबडे वाळतात ते धाबंही शेजारणीचं.
मार्चात घाटा शिजायला लागला
की गल्लीच्या टोकापर्यंत ज्वारीची वाफ जाते,
पोरं वाट्या घेऊन दारात उभी राहतात.
एवढं सगळं ट्रू असून
फाइल जोडायची म्हटलं तर काय जोडू?

"दुसरं घे," मी म्हणते, "हे बघ, इथे काहीच मागत नाहीत."
पुन्हा एक ओळ पाठवते. तेवढ्यात लाइट जाते.
कूलर घरघरत थांबतो,
पडद्यावर फिरणारं चक्र फिरतच राहतं.

अंधारल्या खोलीत पदराने वारा घेत
ती म्हणते, "जे मांगस तेच दे. मी आठलीच शे ना."

तिच्या मागोमाग मी खिडकीशी जाते.
खाली रसवंतीचं घुंगरू बंद, पोरगा बाकावर झोपलेला,
पलीकडे सातपुडा उन्हात पुसट.

लाइट आली पावणेपाचला.
मी माझ्या प्रोग्रॅममध्ये एक रकाना वाढवला,
सर्व्हर भरणार नाही असा. नाव दिलं: आप्पा.
आणि पहिली नोंद हाताने केली:
लाइट बिल सासऱ्यांचं असेल तर रहिवासी दाखला काढ.
नगरपालिका, खिडकी दोन. सोमवारी नको, गर्दी असते.
उन्हाच्या आत जा.
पाणी सोबत ने.