गॅसच्या बिलामागे

एकतीस डिसेंबर, वूच शहर.
नावाचा अर्थ होडी,
आणि नद्या गिरण्यांच्या काळातच गाडून टाकलेल्या.
बाहेर पोरं आत्तापासूनच फटाके उडवतायत.
मी गॅसच्या बिलामागे आकडे घातले, दहा ते एक,
मग वर्ष काही एवढं मोठं नव्हतं म्हणून तीन खोडले.

सात: तलवारीचा तो खेळ, राखेच्या मुलखातला.
त्यातल्या अस्वलानं मला एकसष्ट वेळा मारलं.
बासष्टाव्या वेळी मी त्याला मारलं
आणि सुनंसुनं वाटलं.
खेळ सातवा. अस्वलाला वेगळी यादी हवी.

सहा: पावाची भट्टी.
पहाटे तीनला उठा, पीठ तिंबा,
कुणाला खसखस चालत नाही ते ध्यानात ठेवा.
दोब्रोमिर म्हणाला, खऱ्या घरात
एकदा तरी पाव भाजलायस का गं?

पाच आणि चार संध्याकाळभर जागा बदलत राहिले.
एकात ढगाढगांतून टपाल वाटायचं.
दुसऱ्यात एक म्हातारी नुसती खिडकी पुसते,
आणि काच जितकी लख्ख
तितकी समोरची गल्ली जुनी होत जाते.
शेवटी नाणं उडवलं, ते सोफ्याखाली गेलं.
राहू दे.

तीन: फुटबॉल, शेजारच्या तिमेकबरोबर.
खेळ गेल्या वर्षीचाच, फक्त शर्टांचे रंग नवे.
पण तिमेक अकरा वर्षांचा आहे
आणि मला हरवताना माझ्याकडे बघत नाही.
ह्याचे गुण कुठल्या रकान्यात घालू?

माझा धंदा सांगायचा राहिला.
मी खेळ तपासते.
म्हणजे भिंतीला खांदा घासत चालते
आणि जिथे खांदा आरपार जातो तिथली नोंद करते.
लोक राजवाडा बघतात, मी सांधे.
एकच दार, उघड मीट, उघड मीट, दोनशे वेळा.
अशानं आवड मरते म्हणतात.
मरत नाही. बारीक होते,
सुईसारखी.

दोन मोकळा सोडलाय.
इथे नाताळच्या आदल्या रात्री
टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात,
न कळवता येणाऱ्यासाठी. तसा.

एक.
एक तुम्ही खेळला नाहीत. खेळणारही नाही.
आम्ही नऊ जणांनी खेळला, अकरा महिने,
तिसऱ्या मजल्यावर, पूर्वी जिथे माग होते तिथे.
ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीआधी,
वरून सांगितलं गेलं की आता नको.

त्यात एक नदी होती, उघडी.
एक नावाडी होता, पलीकडे नेताना
एकच प्रश्न विचारायचा, रोज वेगळा.
आणि काठावर पाय ठेवला की
गुडघ्यापर्यंत जमिनीत जायचा.
दोष क्रमांक चार हजार एकशे बारा, शोधलेला मीच.
तीनदा दुरुस्त झाला, तीनदा परतला.
चौथ्यांदा मी लिहिलाच नाही.
हल्शका म्हणाली, बोग्ना, मला दिसतंय हं.
म्हटलं, असू दे.
जन्म पाण्यावर काढलेला माणूस
कोरड्यात आणखी कसा उभा राहणार?

ओळखपत्र परत करायच्या दिवशी
मी एकदा शेवटची पार गेले.
त्यानं विचारलं, सामान काही?
होय दाबून पाहिलं. मग मागे जाऊन, नाही.
सवय, दुसरं काय.
दोन्हीला तो एवढंच म्हणाला: बसा.

दोब्रोमिर खांद्यावरून वाकून वाचतोय.
पहिला कुठे मिळेल, विचारतो.
मी म्हणते, तू तिसरा घे, तिमेक शिकवेल.

बिलाची मुदत नऊ जानेवारी.
यादी फाडून ठेवता येत नाही,
पलीकडच्या बाजूला रक्कम आहे.