बुधवारचा शिक्का

पहाटे सव्वाचारला गजरावाडीच्या फाटकाशी स्कूटर लावते.
रखवालदार अंबालाल अर्ध्या झोपेत म्हणतो, "आवो, घोरपडे बेन."

आत बकरी बांधलेली.
त्यांच्यापाशी आधी मी जाते, सुरी नंतर.
डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची,
नाक ओलं आहे का, चालताना कोणता पाय चोरतं,
कोण भिंतीला तोंड लावून एकटंच उभं आहे.
जे आजारी आहे
त्याला आज मरायची परवानगी नाही.
कायद्यात हेच लिहिलंय, शब्द तेवढे वेगळे.

मग तीच बकरी आकड्यावर उलटी,
आणि मी पुन्हा तिथेच, आता आतल्या बाजूने.
कलेजीचा काठ धारदार हवा, बोथट असेल तर सूज.
फुफ्फुस चिमटीत धरून सरकवत जाते,
दांडिया बाजारातला म्हातारा कापडवाला
न बघता पोत सांगतो, तसं.
ठीक असेल तर मांडीवर शिक्का. जांभळा.
शाई खाल्ली तरी चालते म्हणतात.
माझ्या नखाखाली ती कायमची आहे,
रोज मतदान करून आल्यासारखी.

इस्माईलभाई वाद घालत नाहीत.
मागच्या पावसाळ्यात एक बकरा निघाला,
साडेनऊ हजारांचा,
चरबी झेंडूसारखी पिवळी.
त्यांनी तो स्वतःच उजेडाकडे वळवला.
"पीळुं छे, बेन. मने पण देखाय छे."
पोरानं खड्ड्यात चुना टाकला, वर फिनाईल,
रात्री कुणी उकरून नेऊ नये म्हणून.
इस्माईलभाई खड्ड्याच्या काठावर उभे राहिले,
मग टोपी नीट करून पुढच्या आकड्याकडे गेले.

रविवारी ताटात रस्सा वाढला की
सासरे विचारतात, "तुझा शिक्का आहे ना गं?"
आणि हसतात. दर रविवारी. तेवढंच.

कोंबडीवर मात्र शिक्का नसतो.
कोंबडी गल्लीत कापली जाते,
आणि गल्लीत मी बुधवारी जाते.
अकरा वर्षं, बुधवारी.
फळ्या खरवडलेल्या, सुऱ्या उकळलेल्या,
गल्ल्यावर परवाना पुसून ठेवलेला,
कापणाऱ्याच्या डोक्यावर टोपी,
तिची घडीसुद्धा अजून मोडलेली नसायची.
मी लिहायचे : समाधानकारक.
सही. तारीख.

सयाजीगंजच्या एका मेसमध्ये तेवीस मुलं आजारी पडली.
नमुन्याचा अहवाल एकोणीस दिवसांनी आला,
तोवर मुलं बरी होऊन परीक्षेला बसली होती,
एक सोडून. तो आनंदकडचा, हर्षिल नावाचा.
त्याला वडील घरी घेऊन गेले.
पुढचं मला कुणी कळवलं नाही. मी विचारलंही नाही.

नोंदवही काढली.
तेच दुकान. त्याच आठवड्यातला बुधवार.
माझंच अक्षर.

त्या शुक्रवारी मी गेले.
पिपातलं पाणी सकाळपासूनचं, त्यावर पिसांची साय.
जिवंत कोंबडी आणि साफ केलेली कोंबडी
यांच्यामध्ये एकच फळी, एकच फडकं, एकच हात.
फ्रिजचा दरवाजा सुतळीनं बांधलेला.
रजनीकांत काउंटरमागून उठला,
घाबरून नव्हे, गोंधळून,
अवेळी पाहुणे आल्यावर माणूस उठतो तसा,
आणि म्हणाला,
"पण बेन, आजे तो शुक्रवार छे."

सील ठोकलं. दंड लिहिला.
हात थरथरला तो दंडाच्या आकड्यावर नाही,
वाराच्या रकान्यात.

आता मी चिठ्ठ्या टाकते.
सात चिठ्ठ्या, स्कूटरच्या डिकीतल्या डब्यात.
फाटकातून बाहेर पडताना एक उचलायची,
तोवर मलाही माहीत नसतं.
पहिले दोन आठवडे नीट गेले.
तिसऱ्यात मंगळवार निघाला.
मी चिठ्ठी उलगडली, अंबालालनं फाटक ओढलं,
"आजे क्यां, बेन?" त्यानं सहज विचारलं,
आणि मी सांगितलं. माणूस ओळखीचा, अकरा वर्षांचा.

गल्लीच्या तोंडाशी पोचले
तर ओली फरशी, आणि फिनाईलचा वास,
ताजा.

सासऱ्यांनी या रविवारीही विचारलं.
ताटात कोंबडी होती.
मी नुसतंच मीठ पुढे केलं.