दुसरा गिअर

आमचा बेत सात वर्षं जुना आहे.
दिवाळी सरली की मेडिकलच्या काउंटरवर
औषधाचं रिकामं खोकं उलगडून
आम्ही तिघी पुन्हा जंगलात जायला बसतो.
सांगली, इस्लामपूर, शिराळा, मणदूर,
पुढं बॉलपेनची रेघ वर चढत जाते
आणि गिऱ्हाईक आलं की थांबते,
अर्ध्या डोंगरात.

एका वर्षी शहनाजचा दमा आडवा आला,
एका वर्षी माझ्या दिराचं लग्न.
मग सगळ्या जगालाच कुलूप लागलं.
मग कृष्णाच पायऱ्या चढून दुकानात आली
आणि तिसऱ्या फळीपर्यंतची सिरपं घेऊन गेली.
चिखल काढता काढता हेमलता म्हणाली,
वारणा हरिपुरापर्यंत येते आपल्याला भेटायला,
आपण एकदा तरी तिच्या दारी जायला नको?

भडंग दोन किलो, हे शहनाजचं अक्षर.
खाली हेमलता: एक पुरे, जेवायचं नाही का कुणी?
इन्हेलर दोन, एक माझ्या पर्समध्ये,
कारण तिच्या पर्समध्ये गेलेली वस्तू परत येत नाही.
कपडे मातकट रंगाचे. म्हणजे हेमलता,
ती लिंबू रंगाची साडी नाही.
स्वेटर आठ दिवस आधी उन्हात टाकणे,
नाहीतर डांबरगोळ्यांच्या वासानं
सांबर शिराळ्यातूनच पळेल.
पुढच्या सीटवरून भांडण झालं ते वेगळं.

यंदा जीपवाल्याचा नंबर मिळाला.
धोंडिराम झोरे.
मी फोन स्पीकरवर टाकला.
किती जणी? तिघी.
कशाला येताय?
असं गिऱ्हाइकाला कोण विचारतं?
बघायला, मी म्हटलं. गवे, अस्वल, जे दिसेल ते.
गवं दिसतील की. आमच्या अंगणातच बसत्यात.
म्हणजे घर गेटाजवळ आहे तुमचं?
न्हाई. घर आत व्हतं.

बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला
कर्णा लावून, दोन ट्रॉल्या ओढत.
तो जाईपर्यंत कुणीच बोललं नाही.

मग तोच सांगू लागला, सावकाश,
डॉक्टरनं गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगावं तसं.
आता खाली वसाहतीत असतो.
नाव उंबरटेपच ठेवलंय वसाहतीचं,
पर टेप न्हाई, उंबर बी न्हाई.
तुमी सात वाजता गेटावर या.
पावती फाडायची, मी बी फाडतो.
तिसऱ्या वळणाला डाव्या अंगाला चिंच लागंल,
शाळंची.
शाळा न्हाई आता. चिंच हाय.
तितं थांबाय मनाई हाय, उतराय तर न्हाईच.
पर चढ हाय ताई,
दुसरा गिअर टाकावाच लागतो,
गाडी आपसूक हळू व्हती.
तेवढ्यात बघून घ्यायचं.

हो, मी म्हटलं.
मग आठवून ॲडव्हान्सचं विचारलं.
पैशाचं आल्यावर बघू, तो म्हणाला,
पाण्याच्या बाटल्या मोजून न्या, मोजून आणा.

शहनाजनं पंप ओढला, विनाकारण.
हेमलतानं खोकं स्वतःकडं ओढलं
आणि माझी रेघ जिथं थांबली होती
तिथून पुढं नेली, एक वळण, दुसरं, तिसरं,
आणि डाव्या बाजूला एक टिंब दिलं.
नाव काही लिहिलं नाही.

तेवढ्यात एक म्हातारा खोकल्याचं औषध मागत आला.
मी उठून दिलं, सुटे परत केले,
फॉर्मवर प्रवेशाचं कारण हा रकाना तसाच ठेवला.

तारीख ठरली. बारा डिसेंबर, शुक्रवार.
दुकान बंदची पाटी हेमलता रंगवणार आहे.
पुढची सीट आता कुणालाच नको,
डावीकडच्या खिडकीवरून मात्र
अजून मिटलेलं नाही.