थेंब

न्यूफाउंडलंडच्या टोकाला
तिसऱ्या दिवशीही धुकं हललं नाही.
फिलोमिना कोरकोरननं कॅमेऱ्याला
पावाची रिकामी पिशवी चढवली, रबरबँड लावला,
आणि मेंढ्यांच्या पायवाटेनं निघाली
कड्याकडे.

आधी वास येतो. मासे, शीट, ओलं मीठ.
मग कलकलाट,
पंगतीत वाढपी कमी पडल्यासारखा.
आणि पुढे काहीच नाही.
पांढऱ्यात पांढरे हजारो गॅनेट.

लेन्स घरघरत राहिली पुढे-मागे,
अंधारात कुलूप चाचपणाऱ्या किल्लीगत.
शेवटी तिनं ऑटोफोकस बंद केला.
काच पुसायला कोरडं असं
अंगावर एकच होतं,
कोटाच्या आत ब्रेंडनचा मफलर,
अजून तंबाखूचा वास धरून असलेला.
तो तिनं बाहेर काढला नाही.

एकदाच वारा फिरला.
दरीपलीकडे, दहा पावलांवर,
पिवळसर डोकं, निळ्या कडेचा डोळा,
चोचीत कुणाच्या तरी जाळ्याचं हिरवं सूत.
क्लिक.
पुन्हा पांढरं.

रात्री स्वयंपाकघरात
तिनं तो फोटो मोठा करून पाहिला.
नेमका डोळ्यावर पाण्याचा थेंब.

तिला ठाऊक होतं, थेंब फोटोतला आहे.
तरी मफलरचं टोक घेऊन
बराच वेळ
ती स्क्रीन पुसत राहिली.