रकाना अकरावा

उणे एकतीस.
विद्यापीठाच्या आवारात गाड्या वायरींनी
खांबांना बांधलेल्या, दावणीच्या गुरांसारख्या,
इंजिनातलं रक्त गोठू नये म्हणून.
मी बाहेरून बोलावलेली. तीन दिवस, एक वही
आणि अकरा रकान्यांचा तक्ता:
विविधतेसाठी इथे जे जे केलं, त्याचं मोजमाप.

पहिल्या दिवशी सगळं मोजता आलं.
समित्या चार. धोरणं सात,
त्यातली दोन एकमेकांची नक्कल.
दारावर क्री भाषेत स्वागताची पाटी.
तिच्यातलं एक टिंब सुटलंय, असं
पाणी घेऊन आलेल्या मुलाने सांगितलं,
हळूच, जणू चूक त्याचीच.

"टक्का वाढलाय," हॅल्डॉरसन म्हणाले.
वाढलाच होता. येणाऱ्यांचा.
जाणाऱ्यांचा विचारला, तेव्हा त्यांनी चष्मा पुसला,
बराच वेळ पुसला.
वाईट माणूस नव्हे. बाहेर सगळं बंद असेल म्हणून
माझ्यासाठी घरून डब्यात सूप आणलं होतं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी धुरीची खोली.
गोल, भरपूर उजेडाची, नव्या लाकडाच्या वासाची.
इथे सेजची पानं पेटवायची,
धूर ओंजळीने डोक्यावरून घ्यायचा,
आजोबा घ्यायचे तसा.
वर छताला, बरोब्बर मध्यभागी,
धूर हुंगणारं यंत्र.
ते बंद करायला अर्ज, अठ्ठेचाळीस तास आधी.

दुःख अठ्ठेचाळीस तास आधी कळवता येत नाही,
असं मी वहीत लिहिलं आणि खोडलं.
अहवालात असली वाक्यं चालत नाहीत.
चार वर्षांच्या नोंदवहीत सह्या नऊ.
सात एकाच हाताच्या:
डेल्फीन ओकेमाऊ.

हे नाव मी कुठे वाचलं होतं?
चेहरा आधी आठवला. माहितीपत्रकाचं मुखपृष्ठ,
लाल स्कार्फ, मागे ग्रंथालय, हसू.
"ती होय?" पायऱ्यांवरचा बर्फ खरवडता खरवडता
झेनॉन म्हणाला, "ती तर टायरच्या दुकानात.
तिसरं वर्ष चालू असेल.
मला विचारलंच नाही कुणी."

तिसऱ्या दिवशी मी तक्ता गाडीतच ठेवला.
तिने हात पुसले, तरी काळेच राहिले.
"दरवर्षी छापतात," म्हणाली,
"मी तिथे म्हातारी होत नाही.
वर्गात आम्ही दोघी होतो. मग एक.
नदीचा विषय निघाला की
सगळ्या माना माझ्याकडे,
जणू मीच आणली नदी सोबत.
मला पाण्याचं गणित शिकायचं होतं हो,
पाण्याच्या वतीने बोलायचं नव्हतं."

मग हवेचा दाब बघत, माझ्याकडे न बघता:
वसतिगृहाची बाकी चारशे बारा डॉलर.
तेवढ्यासाठी गुणपत्रक अडवून ठेवलंय.
फोटो मात्र
कुणी अडवला नाही.

मी काय बोलणार होते?
माझ्याही चाकात हवा कमी होती.
तिने भरून दिली. पैसे घेतले नाहीत.

रात्री पाहुणेखोलीत तक्ता पुरा करायला बसले.
पहिले दहा रकाने सरसर भरले,
कुणाची मान खाली जाणार नाही असे.
वहीच्या शेवटच्या पानावर माझं मानधन लिहिलेलं.
सहज चारशे बाराने भाग देऊन पाहिला.
नसता दिला तर झोप लागली असती.

खिडकीबाहेर गाड्या खांबांपाशी निमूट उभ्या.
रकाना अकरावा: इतर निरीक्षणे.
जागा बोटभर.
मी तिथे लिहिलं, ४१२.
टक्के की माणसं, डॉलर की दिवस,
काही लिहिलं नाही.

विचारतील.
विचारू देत.